ट्रॅकसाठीचे ब्रेक

सिग्नलला पुढच्या छोट्या लाल गाडीचे ब्रेकलाइट लागले, की मला माझा मित्र सुहास आठवतो. रोज ऑफिसला नेता येईल आणि सुटीत रेसच्या ट्रॅकवरही पळवता येईल, अशी गाडी त्यानेच मला निवडून दिली. ट्रॅकसाठी भारी ब्रेकही त्याच्याच गॅरेजात बसवले. मित्राचं काम कोण तपासतं? ट्रॅकवरच्या पहिल्याच दिवशी वळणावर ब्रेकचं पेडल तळाला गेलं आणि गाडी मातीत घुसली. चाक काढून पाहिलं, तर आत जुनेच ब्रेक होते.

"अरे, रोजच्या वापराला चालतात ते," सुहास म्हणाला.

मी वाचलो, गाडीही दुरुस्त झाली. पण त्या सकाळी "चल, बस शेजारी," असा मी आग्रह केला, तेव्हा तो नको का म्हणाला, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.