तिसऱ्या मजल्यावरचे काळे कागद

कारगिलच्या त्या जूनमध्ये आमच्या नोएडाच्या सेक्टरात बातमी पसरली, की तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुदताई वैशंपायन काळी जादू करतात. पुरावा भक्कम होता. खिडक्यांना आतून काळे कागद, आणि कामवालीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पातेलं, ज्यात "कुछ सफ़ेद-सफ़ेद" रटरटत होतं.

ती मैद्याची खळ होती हो! मीच जाऊन बघून आले. आल्यावर लेकीला सांगितलं, तर अनुष्का म्हणते, "खळ म्हणजे? गोंद का?" दिल्लीत वाढलेली पोर, काय करणार.

कुमुदताई मूळच्या माझगावच्या. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचे वडील गोदीत कामाला होते. भोंगा झाला की सगळी चाळ अंधारात. तावदानांना आईने खळीने कागद चिकटवलेले, तरी एखादी फट राहिलीच तर खालून पोरं ओरडायची, "ए दुसरा माळा, लाइट!" वडील जे गोदीत अडकले ते कित्येक दिवस घरी फिरकलेच नाहीत. लढाई संपली, सगळ्यांनी कागद उतरवले, पण आईने नाही. वडील उंबऱ्यात दिसले तेव्हा कुठे तिने ते नखांनी खरवडून काढले.

आता ताईंचा उन्मेष नौदलात. लढाई लागली आणि त्याचं जहाज मुंबईहून निघालं. "बंदराला लागलो की फोन करतो, आई," एवढंच बोलला. नेमकं तेव्हाच आमच्या सोसायटीने गेटाशी रंगीत कारंजं बसवायला खणलं आणि ताईंच्या विंगेची टेलिफोनची केबल तोडली. कारंजं उडायला लागलं, फोन मुके झाले.

ताईंचे यजमान श्यामकांतराव आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून रिटायर होऊन इथे आलेले. शांतपणे म्हणायचे, "अर्ज केलाय. होईल."

ताई रिसीव्हर उचलायच्या, कानाला लावायच्या, आपटायच्या. "अहो, तुमच्या अर्जातून बोलणार आहे का तो?"

त्यात पहिल्या मजल्यावरची मीनाक्षी ताईंना जिन्यात भेटली. "आंटी, बेटा नेव्ही में है? फिर क्या टेंशन! परफ्यूम मँगवा दो ना." आमच्याकडे नेव्ही म्हणजे मर्चंट नेव्ही, डॉलर आणि परदेशी चॉकलेटं.

"लडनेवाली नेव्ही है!" ताई अशा कडाडल्या की चौथ्या मजल्याने दार उघडलं.

"पर लड़ाई तो पहाड़ पर है ना?" मीनाक्षीचं तरी काय चुकलं म्हणा. टीव्हीवर दिवसभर नुसते डोंगर. समुद्राचं कोणी नावही काढत नव्हतं.

ताईंना जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, "कशाला एवढी खळ वाया घालवलीत? वीज आहे की इथे, रोज संध्याकाळी फुकटात ब्लॅकआउट करते."

हसल्या नाहीत. "अरुणा, फोन आला की काढीन कागद. तोवर ह्या घरात बाहेर दिसेल असा दिवा नाही."

मग एक शिखर जिंकल्याची बातमी आली आणि सोसायटीने रोषणाई ठरवली. गच्चीपासून गेटापर्यंत माळा, प्रत्येक खिडकीत दिवा. मधेच तिसरा मजला, पडलेल्या दातासारखा काळा. सेक्रेटरी भटनागरसाहेब स्वतः वर निघाले. मागोमाग मी. असं काही मी चुकवते होय?

बेल दाबली. दार उघडलं.

"भाभीजी, पूरी बिल्डिंग जगमगा रही है, बस आप ही अँधेरे में! देश की बात है. कागज़ हटाइए, लाइट जलाइए." आणि जिन्यातून खाली बोट दाखवून कौतुकाने, "देखिए, फव्वारा भी तिरंगा कर दिया."

श्यामकांतराव आतून म्हणाले, "अगं, जाऊ दे ना." ताईंनी पदर खोचला. चिडल्या की त्यांची हिंदी थेट माझगावला जाते.

"भाईसाब, पहले तुम्हारा फव्वारा खोदके मेरा फोन चालू करो. मेरे बेटे का आवाज आयेगा, तब मैं लाइट लगाती."