मोगऱ्याची शेवटची फांदी

माहेरच्या अंगणात आता फरशी बसली. तिथल्या मोगऱ्याची शेवटची फांदी डब्यात लावून मी चोपड्याहून बसने जळगावला परत येत होते. आधीच्या दोन फांद्या आमच्या गच्चीवरच्या उन्हाने जळाल्या होत्या. ही गेली असती तर आईचा मोगरा संपला असता.

शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. तिच्या पायाशी पिशवी होती आणि पिशवीत केळीच्या खोडाचे तुकडे. डब्याकडे बघून तिने विचारलं, "कोठे ठेवशी वं माय?"

"गच्चीवर. रोज पाणी घालते, तरी जळतं," मी हळूच म्हणाले.

"मोगरा लावस का भाकर शेकस तू?" ती खळखळून हसली. मग लेकीच्या कुंड्यांसाठी नेत असलेल्या खोडातला एक तुकडा पदराने पुसून तिने माझ्या मांडीवर ठेवला. "हाई कुंडीमा खाले ठेव. पानी धरी ठेवस."

मोगरा जगला. आता दर उन्हाळ्यात फुलतो. त्या बाईचं नाव विचारायचा मला धीर झाला नव्हता. फुलं न्यायला येणाऱ्या बायका विचारतात, गच्चीवर मोगरा जगवायला कोणी शिकवलं? मी म्हणते, चोपड्याकडच्या माझ्या मावशीने. एवढं मात्र मी मोठ्याने सांगते.