दोन सूर खाली

फिरतीवरच्या कलावंताचं आयुष्य मजेचं असतं असं ज्याला वाटतं, त्याला मी जानेवारीत कोल्हापूरहून शिरोळकडे निघालेल्या आमच्या गाडीत बसवायला तयार आहे. मागच्या सीटवर, कीबोर्डची बॅग मांडीवर घेऊन. पुढे उसानं लादलेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्या पुढे तसलाच आणखी एक. त्यांच्या टेपवर लावलेली गाणी आमच्या ऑर्केस्ट्राच्या स्पीकरपेक्षा दणकट वाजत असतात. आमचा मालक ड्रायव्हरशेजारी बसून दर पाच मिनिटांनी फोनवर सांगतो, "आलोच की, पाच मिन्टात स्टेजवर!" तो हे सांगतो तेव्हा आम्ही हातकणंगल्याच्याही अलीकडे असतो.

मी वीस-बावीस वर्षं हेच करतोय. आमचा ऑर्केस्ट्रा लहान. कीबोर्डवर मी, ढोलकीवर चाचा, ऑक्टोपॅडवर एक जण, एक गायक, एक गायिका. निवेदन मालक स्वतःच करतो, कारण माईक दुसऱ्याच्या हातात गेला की त्याला करमत नाही. पूर्वी आम्ही जत्रा गाजवायचो. आता जत्रेत डॉल्बी आणि लेझर आले, आणि आमच्या वाट्याला उरले वाढदिवस, सत्कार आणि बायकांचे हळदी-कुंकवाचे कार्यक्रम. त्यात पैठणीचे खेळ असतात, उखाणे असतात, आणि मध्ये जागा उरली तर गाणी.

गायिका म्हणजे आक्का. त्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या, जिथे थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात, म्हणून आम्हा सगळ्यांच्याच त्या आक्का झाल्या. मी या धंद्यात आलो तेव्हा त्या स्टेजवर उभ्या होत्याच. गाडीत बसल्या बसल्या झोपायचं कसं, जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसताना पिशवीत काय ठेवायचं, आणि गावातल्या पुढाऱ्यानं कौतुक करायला घेतलं की हसत हसत दोन पावलं मागे कसं सरायचं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. संगीत मी आणखी कुठूनही शिकलो असतो, हे कुणी शिकवलं नसतं.

आक्कांची पट्टी काळी पाच. म्हणजे त्यांचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर. बाईच्या आवाजाला ती चांगलीच वरची. "आमच्या आक्का ओरिजिनल पट्टीत गातात!" असं मालक प्रत्येक कार्यक्रमात छाती फुगवून सांगायचा. ओरिजिनल पट्टी म्हणजे काय हे समोरच्यांना ठाऊक नसायचं, आणि खरं सांगायचं तर मालकालाही फारसं ठाऊक नव्हतं. पण टाळ्या पडायच्या.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात केव्हातरी आक्कांचा आवाज वर जाताना ओढला जायला लागला. लोकांना कळण्यासारखं काही नव्हतं. मला कळायचं, कारण मी बाजूलाच बसतो आणि मला त्यांच्या मानेच्या शिरा दिसतात. एकदा एका सत्कारात त्या वरच्या सुरावर मोठ्या कष्टानं ओढून पोचल्या. पुढच्या कार्यक्रमाला मी कीबोर्डवरचं वजाचं बटण एकदा दाबलं. ते दाबलं की अख्खा कीबोर्ड एक सूर खाली उतरतो आणि छोट्या पडद्यावर वजा एक दिसतं; त्या आकड्याला आम्ही काटा म्हणतो. बोटं तीच, पट्ट्या त्याच, फक्त आवाज खाली.

मी त्यांना विचारलं नाही. तीस वर्षं गाणाऱ्या बाईला 'तुमचा आवाज उतरलाय' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पहिली ओळ उचलताना त्यांनी माझ्याकडं नुसतं एकदा पाहिलं आणि गायल्या. चार-पाच महिन्यांनी मी बटण दोनदा दाबायला लागलो. काळी पाचची काळी चार झाली. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही, आणि मला वाटायचं की मी फार मोठ्या मनाचं काम करतोय.

चाचांना मात्र सांगावंच लागलं, कारण ढोलकी पट्टीला लावलेली असते. चाचांच्या घरात तीन पिढ्या ढोलकी-तबला दुरुस्तीचं काम. त्यांना फसवणं शक्यच नव्हतं. आक्कांच्या गाण्यांसाठी त्यांनी एक दुसरी, खाली लावलेली ढोलकी आणायला सुरुवात केली.

"चाचा, मालकाला कळलं तर?" मी विचारलं.

"त्येला काय कान हाईत व्हय? झाकली मूठ हाय, झाकलेली ऱ्हाऊ दे."

मालकाचा धाक होताच. त्यानं मला एकदा चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आक्कांच्या आवाजाची एक जरी तक्रार आली, तर गारगोटीची एक पोरगी हाय माझ्या नजरंत. काळी पाचात टणाटण गाती." आक्कांचं घर स्वतःचं आहे, मुलगा नोकरीला आहे, त्यांचं काही अडणार नव्हतं. पण स्टेजवरून उतरवलेल्या आक्का ही गोष्ट माझ्या डोक्यात बसतच नव्हती. म्हणून मी प्रत्येक कार्यक्रमात बटण दोनदा दाबत राहिलो.

तर त्या दिवशी शिरोळजवळच्या एका गावात चारच्या हळदी-कुंकवाला आम्ही पाचला पोचलो. बायका वाण घेऊन मांडवात ताटकळलेल्या. साउंड तपासायला वेळ नाही, पाणी प्यायला वेळ नाही. वायरी जोडतोय तोवर कार्यक्रम ठेवणाऱ्या बाईंचे यजमान स्टेजवर चढले. गावातल्या सोसायटीचे चेअरमन. अंगात कडक इस्त्री, हातात मोबाइल.

प्रत्येक गावात असा एक असतोच. आमच्या धंद्यातला हा अलिखित कायदा आहे: ज्याच्या घरचा कार्यक्रम, त्याच्या घरातल्या एकाला गाणं द्यायचं. नाही म्हणायचं नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडण्याआधीच मालकानं माईकवरून जाहीर केलं, "आणि आता खुद्द चेअरमनसाहेब!"

"पावणं, कुठल्या पट्टीत घ्यायचं?" मी विचारलं.

"कुठल्या बी घ्या की! आपल्याला समदं चालतंय."

मी सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला चेअरमन खोकले. "जरा खाली घ्या." मी खाली घेतलं. पुन्हा सुरू. "अजून जरासं." कीबोर्डचा काटा वजा पाचवर गेला तेव्हा त्यांचा आवाज आणि गाणं एकमेकांच्या जवळपास आले, भेटले मात्र नाहीत. तिसरं कडवं त्यांना पाठ नव्हतं, म्हणून त्यांनी पहिलंच पुन्हा म्हटलं. आणि वर, गाणं संपल्यावर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तुमचा बाजा जरा वरच वाजतोय बघा." नाचता येईना अंगण वाकडं! पण चेअरमनला हे कोण सांगणार? मी दात दाखवले.

माझं डोकं तापलं होतं. मी रागारागात अधिक आणि वजा अशी दोन्ही बटणं एकदम दाबली. तसं केलं की काटा शून्यावर येतो, म्हणजे कीबोर्ड मूळ जागी. तिथून मला वजाचं बटण दोनदा दाबायचं होतं. दीड वर्षात पट्टी उतरवायला मी एकदाही विसरलो नव्हतो. पण तेवढ्यात चेअरमननी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "ह्ये पण हाय का बघा, अजून एक म्हणतो." मालकाला तिकडं उशिराची घाई झालेली, त्यानं घोषणा केली, "ओरिजिनल पट्टीत, आमच्या आक्का!" चेअरमनच्या तावडीतून सुटायचं म्हणून मी सुरुवातीचं संगीत वाजवायला घेतलं.

गाणं देवीचं होतं. चाचांनी खालची ढोलकी मांडीवर घेतलेली. एक थाप मारून त्यांनी झटकन माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, चेअरमनच्या गाण्यावर हसताहेत, म्हणून मीही हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

धृपद छान झालं. खूप दिवसांत झालं नव्हतं इतकं छान. बायका टाळ्यांचा ठेका धरायला लागल्या. मग अंतरा आला. त्यात सूर वर चढतो आणि तिथंच चार मात्रा थांबायचं असतं. आक्का वर गेल्या आणि आवाज फाटला. मी काट्याकडं पाहिलं. शून्य. गाणं चालू असताना पट्टी बदलली तर सगळंच कोसळतं, त्यामुळे मी काहीच करू शकत नव्हतो. ती ओळ दोनदा म्हणायची असते. आक्का दुसऱ्यांदा गेल्या, आणि दुसऱ्यांदा आवाज फाटला. पुढचं त्यांनी खालच्या सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं.

पुढच्या रांगेत दोघी हसल्या. त्यांचं मला फार वाटलं नाही, हसू येतंच माणसाला. पण एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "दमली गं बिचारी." त्या 'बिचारी'पेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मालकानं माईक ओढून घेतला आणि थंडीनं घसा बसलाय वगैरे बोलून पैठणीचा खेळ चालू केला. परतीच्या वाटेवर गाडीत आक्का खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मला वाटत होतं की आत्ता बोलावं, सगळ्यांसमोर सांगावं, चूक माझी आहे. पण ते सांगायचं तर दीड वर्षाचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मालक पुढेच बसला होता.

पुढच्या कार्यक्रमाला गारगोटीची मुलगी आली. चांगली गाते, वेळेवर येते, मला सर म्हणते. तिचा राग करायला एक कारण मिळत नाही, याचाच मला राग येतो. माझा काटा आता कायम शून्यावर असतो.

दोन महिने मी आक्कांच्या कोल्हापुरातल्या घराकडं फिरकलो नाही. रंकाळ्यावरून जायचं असलं तरी मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं गेलो. शेवटी चाचाच एकदा खवळले, "काय मर्दा तू! ती बाई रोज इचारती, ह्यो कुठं मेलाय म्हणून." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. आक्का सोप्यात बसून मेथी निवडत होत्या. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"आक्का, माझं चुकलं. त्या दिवशी बटण दाबायचं ऱ्हायलं माझ्याकडनं."

"ठाव हाय मला."

"कुणी सांगितलं? चाचांनी?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? पयल्या म्युझिकलाच कळलं. तीस वर्सं त्या पट्टीत गाणं म्हटलंय, मला न्हाय कळायचं व्हय?"

मला काही समजेना. आमच्यात पट्टी जड वाटली तर गाणाऱ्यानं पाठीमागं हात नेऊन बोट खाली दाखवायचं असतं. तेवढी खूण पुरते. मी सुरुवातीचं संगीत आणखी एकदा फिरवून तेवढ्यात पट्टी उतरवली असती, आणि मांडवात कुणालाही पत्ता लागला नसता.

"मग हात का नाही केला?" मी जवळजवळ ओरडलोच. दोन महिने मी धड जेवलो नव्हतो.

"म्हटलं, एकदा बघावं तरी, आपल्याला जमतंय का न्हाय ते. दीड वर्सं तू बघूच दिलं न्हाईस."

"एवढ्या बायकांपुढं बघायचं व्हतं? घरात बघायचं की!"

"घरात कुणाला बी जमतंय."

मला खरोखर संताप आला. त्यांचा, माझा, त्या चेअरमनचा, सगळ्यांचाच. मी म्हणालो, "आक्का, मी तुमच्यासाठीच केलं की सगळं. मालकाला कळलं असतं तर त्यानं तवाच तुमाला घरी बसवलं असतं."

आक्कांनी हातातली काडी बाजूला टाकली. त्यांचा आवाज चढला नाही.

"तू पयल्यांदा खाली घेतलंस, तवा मला वाटलं, आता गाडीत इचारशील. आक्का, जड जातंय का म्हणून. इचारलं असतंस तर मीच माईकवरनं सांगितलं असतं, बायांनो, आता माझा आवाज काळी चारचा हाय, त्यातच ऐका. कुणी उठून गेलं असतं का रं? बायकांस्नी काय, देवीचं गाणं पायजे. आणि मीच सांगितल्यावर मालकाला बोलायला तोंड तरी ऱ्हायलं असतं का? आणखी दोन-चार वर्सं तशीच निघाली असती माझी."

बाहेरून एक रिक्षा गेली. आक्कांनी आणखी एक जुडी सोडली.

"ती गारगोटीची पोरगी कशी गाती?" त्यांनी विचारलं.

"बरी गाते."

"काळी पाच?"

"व्हय."

"तिला इचारत जा," आक्का म्हणाल्या.