फत्तेमारी घेऊन रिकार्टनला

हुश्श! गेलो, पोचलो आणि धडधाकट परत आलो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुमच्या जिवाला घोर नको. मला होता तेवढा पुरे.

माझ्या नवऱ्याला, समीरला, लाकडी जहाजांची मॉडेल्स करायचा नाद आहे. वेलिंग्टनच्या आमच्या गॅरेजमध्ये कित्येक वर्षं गाडी आत गेलेली नाही, कारण तिथे हातभर लांबीची एक फत्तेमारी आकार घेत होती. फत्तेमारी म्हणजे आपल्या कोकणातलं शिडाचं, माल नेणारं गलबत. समीरचे आजोबा जयगडला तशा एका फत्तेमारीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. तिचा एकच फोटो घरात आहे. त्यात आजोबा ऐटीत पुढे उभे आणि मागे निम्मंच गलबत. उरलेलं निम्मं समीरने अंदाजाने आणि हट्टाने केलंय.

आजोबांची ती खरी फत्तेमारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस आता उरलंय. ती म्हणजे आत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. त्या क्राइस्टचर्चमध्ये, रिकार्टनला मुलाकडे राहतात. २०१८च्या वसंतात त्यांच्या मुलाचा, मंदारचा, फोन आला. "आईची नजर भराभर जातेय रे. उन्हाळ्यात कितपत दिसेल, सांगता येत नाही."

समीर म्हणाला, "अजून शिडं बाकी आहेत."

"शिडं फेरीबोटीत लाव," मी म्हटलं. "निघायचं!"

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. वेलिंग्टनहून समुद्र ओलांडून पिक्टनला नेणाऱ्या फेरीबोटीचं गाडीसकट तिकीट आधी काढा, आयत्या वेळी खिशाला चाट बसते. आणि समुद्रात असताना खाली गाडीकडे जाऊ देत नाहीत, तेव्हा जीव की प्राण असलेली वस्तू वर न्या. आम्ही फत्तेमारी वर नेली आणि तीन-साडेतीन तास आळीपाळीने मांडीवर घेतली. सामुद्रधुनी अशी उसळत होती की माझ्या पोटातल्या पोह्यांनी बंड पुकारलं. समीर मात्र दातात दोरा धरून शिडं बांधत बसला होता. धन्य आहे!

पिक्टन जवळ आलं तसा डोंगरांमधला समुद्र शांत झाला. तेवढ्यात फेरीबोटीवरचा एक कर्मचारी माओरीत नमस्कार करत थांबला. "किआ ओरा! ब्यूटिफुल! पण मास्ट पुढे झुकलाय, मेट. मागे हवा ना?"

झालं! समीरच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्यानेही हेच सांगितलं होतं. फोटोत डोलकाठी पुढे कललेली दिसते, पण फोटोच तिरका काढला असेल तर? पिक्टन गेलं, ब्लेनमचे द्राक्षमळे गेले. भूकंपात मोडलेला किनाऱ्याचा रस्ता आता सुरू झालाय, पण जागोजागी कामं चालू होती. 'स्टॉप'ची पाटी धरलेला माणूस दिसला की थांबा. खडकांवर सील निवांत पसरलेले होते आणि आमच्या गाडीत सुतक.

कायकोराला फिश अँड चिप्स घेतले. गरमागरम, दोघांना एक पुडी भरपूर होते. मी पुडी घेऊन वळते तर काय, हा पठ्ठ्या गाडीचं दार उघडून थर्मासातलं कढत पाणी डोलकाठीच्या बुडाशी सोडायच्या बेतात! गोंद मऊ करून काठी सरळ करायची म्हणे.

"खबरदार!" मी ओरडले. "आधी आत्यांना बघू दे. मग काय ती कुऱ्हाड चालव."

"आणि ती म्हणाली, ही नव्हेच, तर?"

"तर नव्हे. पण निदान त्यांनी पाहिलेलं तरी असेल." बोलून गेले खरी, पण पुढे चिप्स दोघांनाही गेले नाहीत.

रिकार्टनला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आत्या खिडकीपाशी परातीत कणीक मळत होत्या. आम्ही फत्तेमारी समोर ठेवली. त्या मान कलती करत डोळ्यांच्या कडेने बघू लागल्या, मधलं त्यांना दिसत नाही. मग हात पुसून त्यांनी नाळेपासून, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकापासून, हळूहळू बोटं फिरवली आणि ती डोलकाठीवर थांबली.

"पुढे झुकलेली," आत्या म्हणाल्या. "सरळ असती ना समीर, तर म्हटलं असतं, ही दुसऱ्या कुणाची. ही बाबांचीच रे!"

समीर खुर्चीत मटकन बसला. मला तर रडूच फुटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

"पण चूल कुठेय?" आत्यांनी विचारलं. "मागे, सुकाणूच्या पुढे. बाबा स्वतः भात रांधायचे. आम्हा पोरींना फत्तेमारीवर बोलावून वाढायचे." आणि परातीतल्या कणकेची चिमूट घेऊन त्यांनी नखाएवढी चूल वळली अन् चिकटवून टाकली. चिमट्याशिवाय दोरा न लावणारा माझा नवरा नुसता बघत राहिला.

दोन दिवस राहिलो. आत्यांनी रिकार्टनच्या देशी दुकानातून सोलं आणवून सोलकढी पाजली. फत्तेमारी त्यांच्याकडेच ठेवली. परतताना कायकोराला पुन्हा थांबलो आणि अख्खी पुडी फस्त केली.

घरी येऊन आता बरेच महिने झालेत. गॅरेज रिकामं बघून समीर हुरहुरेल असं वाटलं होतं, पण हा पहिल्या रात्री ढाराढूर झोपला. काल आत्यांचा फोन आला. आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो.

"आंघोळ झाली की रोज तिच्यावरून हात फिरवते," त्या म्हणाल्या. "आणि परवा काय झालं सांगू? बाबांचा आवाज आठवला. कितीतरी वर्षांत आठवत नव्हता रे."

फोन ठेवून समीर माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "वेळेत पोचलो गं आपण."