पडद्यापुढचे मध्यंतरकाका

आमच्या बिल्डिंगमध्ये मी टोपणनाव ठेवलेलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मध्यंतरकाका हे नाव मीच चिकटवलं, आणि ते इतकं घट्ट बसलं की त्यांचे सख्खे मेहुणेसुद्धा खाली वॉचमनला त्याच नावाने पत्ता विचारतात.

नाव उगाच नाही दिलेलं. काका उमेदीची सगळी वर्षं एका नाटक कंपनीत पडद्यापुढे उभे राहिले. नाटकात नव्हे, दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात. मागे महालाची बाग व्हायची, झाडं सरकायची, कुणाच्या तरी पायावर जिना पडायचा, आणि तोवर लोकांनी उठून घरी जाऊ नये म्हणून काका एकटे समोर नकला करायचे. थंड पाण्याने आंघोळ करणारा माणूस. नवी कवळी लावून सासरी जेवायला बसलेला जावई. मागची मांडामांड झाली की पडद्याच्या फटीतून एक हात यायचा आणि काकांच्या पाठीला बोट लागायचं. बोट लागलं की वाक्य जिथे असेल तिथे टाकायचं, वाकून नमस्कार करायचा आणि आत जायचं.

तेव्हा अशी माणसं बरीच होती, असं काका सांगतात. पाण्याच्या पेल्यांवर गाणी वाजवणाऱ्या एक बाई होत्या; त्यांना तहान लागली की एक सूर कमी व्हायचा. कागद फाडून समोरच्याचा चेहरा काढणारा एक जण होता, पण नाक सगळ्यांना स्वतःचंच द्यायचा. नायक-नायिकांचे फोटो लोकांनी भिंतीवर लावले, आणि यांना हसून घेतलं नि घरी जाऊन विसरले. काका मात्र एकालाही विसरलेले नाहीत. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो, की त्या बाई पेले विसळायला आत्ताच आत गेल्यात असं वाटावं.

कंपनी केव्हाच बंद पडली, पण काकांच्या अंगातून काही ती जाईना. बँकेची रांग असो की दवाखान्याचं बाकडं, चार माणसं थांबलेली दिसली की यांची पाठ भिंतीला लागते आणि नक्कल सुरू. मागून कुणाचं बोट लागलं की, “आणि तो डॉक्टर मला म्हणाला,” इथेच सोडून स्वारी चालू लागते. काकू याचा पुरेपूर फायदा घेतात. दारातल्या गप्पा लांबल्या की त्या नुसतं बोट टेकवतात आणि काका गरीब गाईसारखे घरात. काकू सांगतात, लग्नाला होकारसुद्धा यांनी अर्धाच दिला होता, नेमका भावाचा मागून धक्का लागला. उरलेला मी धरून चालले, असं त्या म्हणतात.

तर गेल्या महिन्यात एका दुपारी माझ्या सासूबाई लिफ्टमध्ये अडकल्या. भाजीची पिशवी घेऊन एकट्याच वर येत होत्या, आणि दुसऱ्या नि तिसऱ्याच्या मधे लिफ्ट गपकन थांबली. सासूबाई तशा खमक्या. मला एका नजरेत गप्प करणारी घरात तेवढी एकच व्यक्ती. पण बंद जागेत त्यांचा जीव घुसमटतो. न्हाणीघराची कडीसुद्धा त्या लावत नाहीत. त्यात हृदयाचं दुखणं. मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तो येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही, असं त्याने वॉचमनला फोनवर बजावलं होतं. आतून सासूबाईंचा आवाज बारीक होत चालला होता. श्वास पुरत नाही म्हणत होत्या. बोलून बोलून गावाला दमवणारी मी, पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दारापाशी मला एक शब्द सुचेना.

एवढ्यात मध्यंतरकाका आले, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात काकूंची. काही विचारलं नाही. लिफ्टशेजारच्या भिंतीला पाठ लावली आणि हू हू करत थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला.

दुसरा तांब्या. काकांचे दात वाजू लागले. तिसऱ्याला आतून आवाज आला, “मेल्याला पाणी तापवून घ्यायला काय झालं?”

मला रडूच आलं. पुढे जावयाची कवळी झाली, आणि मग काकांनी घट्ट बुटांची नक्कल काढली. एका भिडस्त माणसाला दुकानदार लहान मापाचे बूट गळ्यात मारतो, आणि तो तेच घालून मुलगी बघायला जातो. आतून सासूबाईंच्या सूचना चालू झाल्या. नाड्या सैल कर म्हणावं. बस म्हणावं जरा. काकांच्या घशाला कोरड पडलेली दिसली म्हणून मी पाणी आणलं, आणि इकडे बघा म्हणून त्यांच्या पाठीला हात लावला.

झालं. “मुलीच्या वडिलांनी विचारलं, की,” एवढं बोलून काका थांबले, लिफ्टच्या दाराला वाकून नमस्कार केला आणि जिना चढून गेले.

“मग?” आतून सासूबाई. थोड्या वेळाने पुन्हा, अगदी बारीक आवाजात, “गेले का हो?”

मी वर धावले. काकूंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

“पाठीला हात लावलास ना? आता विनवण्या करू नकोस, ऐकू जायचं नाही त्यांना. मागची मांडामांड झाली नाही म्हणून सांग.”

काका खुर्चीत शांत बसले होते, काम संपलेल्या माणसासारखे. मी म्हटलं, “काका, मागे बाग अडकलीय. अजून थोडा वेळ धरून ठेवा.”

ताडकन उठले. खाली येऊन, “की” पासून पुढे सुरू.

मेकॅनिक आला, वरच्या खोलीत काहीतरी खटपट केली, आणि लिफ्ट हळूहळू तिसऱ्यावर जाऊन उघडली; नक्कल अर्धी टाकून आम्हीही जिन्याने वर धावलो. सासूबाई घामाने निथळत होत्या, एका हाताने कठडा धरलेला. मी हात पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला.

“आधी बुटांचं काय झालं ते सांगा.”

काका गडबडले. “पुढचं मला माहीत नाही हो, वहिनी. तिथवर कधी पोचलोच नाही. कुणी विचारलंही नाही.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“मग मी सांगते. त्याने तिथेच सगळ्यांसमोर बूट काढले. पाय पसरले आणि मोकळा श्वास घेतला. मुलीने ते बघितलं आणि तिला तो आवडला. मी आत डोळे मिटून हेच बघत होते, म्हणून टिकले.”

काका हसू लागले. दुसऱ्याच्या गोष्टीला पोट धरून हसणारे काका मी पहिल्यांदाच पाहिले. काकू दारातून बघत होत्या; त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला.

“चांगलं आहे,” काका म्हणाले. “ठेवू का हेच?”

“ठेवा,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून लिफ्टच्या बाहेर आल्या. “देवासारखे आलात हो. आता जिन्याने वर चला आमच्याकडे, चहा टाकते. आणि सूनबाई, तू त्यांच्या मागून चालू नकोस.”