सज्ज्याखालचे दोन टेकू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, माझ्या घरातल्या प्रत्येक भांडणाची खबर असणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला मध्येच थांबवून काही विचारू शकत नाही म्हणून.

मी सिनेमांचे सेट उभारायचे. आता लोकांची घरं सजवते, सुरतेत, पुण्यात. सिनेमा का सोडला, असं विचारलं की सांगते — मुलगी झाली, धावपळ झेपेना. ते खोटं आहे. पण ते छोटं खोटं.

मोठं सांगायचं तर याकूबचाचांपासून सुरुवात करावी लागेल.

चाचा शहाद्याचे सुतार. आमच्या ब्राह्मणपुरीतल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची. लाकूड घेण्याआधी ते बोटाच्या पेराने ठोकायचे, कान लावायचे, मग हुंगायचे. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानात भुश्शात बसून राही. कला महाविद्यालयात मला जे शिकवलं त्यातलं अर्धं मला आधीच येत होतं, ते चाचांमुळे. त्यामुळे स्वतःच्या नावावरचा पहिला सिनेमा मिळाला, आणि शूटिंग तोरणमाळला ठरलं, तेव्हा मी दुसऱ्या कुणाचा विचारसुद्धा केला नाही. चाचांना घेऊन घाट चढले.

उतारावर दुमजली लाकडी घर उभं करायचं होतं. वरच्या मजल्याला पुढे आलेला सज्जा, आणि त्याच्याखाली नुसती दरी. माझ्या चित्रात तो सज्जा अधांतरी होता — मला तो तसाच हवा होता. चाचांनी चित्र पाहिलं आणि खाली दोन तिरपे टेकू काढले, माझ्याच पेन्सिलीने. मी वाद घातला. ते म्हणाले, "डोळास्ले आवडो का नको आवडो, बेटी, वजनले टेकू लागसच." मी टेकू लावू दिले, पण मनातून चिडले होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नुसत्या घाईत झालं असं तुम्हाला वाटायला नको.

शूटिंगचा शुक्रवार. चाचा नमाजासाठी खाली शहाद्याला गेले होते. सकाळी कॅमेरामनने सगळ्यांसमोर म्हटलं — मॅडम, हे टेकू दिसले की घर घर वाटत नाही, सेट वाटतो. कुणी तरी हसलं. कोण हसलं ते मला अजून आठवतं, पण त्याचं काय? सगळे जेवायला गेले, आणि मी पाना आणि हातोडा घेऊन सज्ज्याखाली गेले. बोल्ट सैल केले. पाचरी ठोकून काढल्या. दोन्ही टेकू मागच्या गवतात ठेवले. एकटीने. कुणीही सांगितलं नव्हतं. दृश्यात सज्ज्यावर फक्त नायिका उभी राहणार होती. एका बाईचं वजन सज्जा पेलेल, संध्याकाळी टेकू परत लावू, चाचांना कळणारही नाही — असा माझा हिशेब.

जेवण झाल्यावर दिग्दर्शकाला सज्जा रिकामा वाटला. गर्दीच्या दृश्यासाठी गावातल्या पावरा आदिवासी बायका आल्या होत्या. त्यातल्या आठ जणींना त्याने नायिका येण्याआधी वर जायला सांगितलं.

इथे थोडं थांबते.

जिन्याला तेरा पायऱ्या होत्या. त्या बायका एकामागून एक, लुगडं सावरत, आपापसात हसत चढत होत्या. मी खाली उभी होते. तोंड उघडायला मला किती वेळ हवा होता? 'थांबा' — एवढाच शब्द. पण तो उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आला असता — का? आणि सकाळी ज्यांच्यासमोर माझं हसं झालं ती माणसं तिथेच होती. मी मनातल्या मनात लाकडाशी बोलत राहिले. धर, धर, एवढा वेळ धर.

त्याने धरलं नाही.

नुसती धूळ उठली. सगळे त्या बायकांकडे धावले. मी कुठे धावले असेन? मी गवताकडे धावले. दोन्ही टेकू उचलले आणि पडलेल्या फळ्यांमध्ये टाकले. मग किंचाळत बायकांकडे गेले. सात जणींना खरचटलं, मुका मार लागला. सुमलीबाई नावाची जी सगळ्यात कडेला उभी होती, तिची मांडी मोडली. तिला गाडीत घालताना मी तिचा हात धरला होता. तिला वाटलं असेल, किती मायेची बाई. ती आजही काठी घेऊन चालते, असं ऐकते. ऐकतेच — पाहायला कधी गेले नाही.

चार वाजता चाचा घाट चढून आले. तोवर चूक सुताराचीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, 'सुतार कुठाय?' एवढंच चाललं होतं. चाचा ढिगाऱ्यात बसले, एकेक सांधा हातात घेऊन अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सांग बेटी, कोठे चुकनू मी?"

आत्तापर्यंत जे सांगितलं ते सगळं एक वेळ बाजूला ठेवा. खरी कबुली पुढे आहे. मी म्हणाले, "लाकूड वल्लं व्हतं, चाचा. तुम्हले समजनं नही."

नुसती गप्प राहिले असते तरी ते त्यांच्या परीने शोधत राहिले असते, कदाचित त्यांना सापडलंही असतं. पण मी त्यांना उत्तर दिलं. त्यांनी एक तुकडा उचलून हुंगला. बराच वेळ. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगला. आणि मग त्यांनी आपल्या नाकापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी शिकलेली होते, आणि त्यांची होते.

सिनेमाचं पुढे बरं झालं. सेटचं कौतुक झालं. दुसऱ्या ठिकाणी सज्जा पुन्हा बांधला, दुसऱ्या सुताराने, टेकूंसह. कुणालाही ते खटकले नाहीत.

दोनेक महिन्यांनी मी ब्राह्मणपुरीला आले होते. दुपारी आई ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून मेथी निवडत होती. चाचा आले. हातात पिशवी, पिशवीत हत्यारं. पाणीसुद्धा घेतलं नाही. आईला म्हणाले, "भाभी, उठा. येना आते भरोसा नही."

तो झोपाळा त्यांनीच केलेला, माझ्या जन्माच्याही आधी. आईला काही कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. चाचांनी कड्या सोडवल्या, फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि पुढच्या घरी गेले. नंतर कळलं, ते तापीकाठच्या गावांत असेच दारोदार फिरत होते. त्यांनी केलेले झोपाळे, माळे, जिने — जिथे जिथे माणूस वजन टाकतो तिथे जाऊन लोकांना सांगत होते, मन्हा हातवर भरोसा ठेवू नका. काहींनी ऐकलं, काही हसले. मी दारातून त्यांची पाठ पाहत होते. हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर ती पाठ बराच वेळ होती.

त्यानंतर त्यांनी पोळपाट केले, पाट केले, देव्हारे केले. ज्यावर कुणी उभं राहणार आहे असं काहीही पुन्हा केलं नाही. सेटवर जिना दिसला की मी पायऱ्या मोजू लागायचे, म्हणून मी सिनेमा सोडला. पण मी सोडला तो सुरतेच्या मोठ्या घरांसाठी. त्यांनी जे सोडलं त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळालं?

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मी शहाद्याला भेटायला गेले. त्यांचा मुलगा रफिक आता मोबाईलच्या दुकानात आहे. सुतारकाम वडिलांनीच शिकू दिलं नाही. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि समोर बसून म्हणाला, "अब्बा कायम म्हनेत, त्या दिन समदा मन्हाकडे नुसता देखी ऱ्हायंतात. खरं काय ते तोंडवर सांगं, ते फक्त ब्राह्मणपुरीनी बेटीनी."

खोलीत बरीच माणसं होती. पण ते कारण नव्हतं. रफिक एकटा असता, तरी मी बोलले नसते. मी मान हलवली, चहा संपवला, आणि कप कुठे ठेवायचा ते त्याला विचारलं.