टिंबांवरची पाकोळी
छापखान्याच्या ताज्या शाईचा वास आला की मला आमच्या गावामागची टेकडी आठवते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं होती आणि काल्हेरच्या गोदामांच्या भरावासाठी भिवंडीभोवतालच्या टेकड्या पोखरल्या जात होत्या. आमच्या टेकडीवर कारवीच्या पानाखाली नखाएवढी राखाडी पाकोळी, पतंगाचीच एक जात, चिकटून बसायची. माझ्या कॉलेजातले एक सर म्हणाले, ही बहुधा फक्त सह्याद्रीतच सापडते, हिच्याबद्दल फारसं कुणालाच ठाऊक नाही. नाव तज्ज्ञांना विचारून कळवतो, असंही ते म्हणाले. बाबांनी टेकडी वाचवण्याचं पत्रक धामणकर नाक्यावर छापून घेतलं आणि सभेच्या तारखेसाठी सोडतात तशी टिंबं देऊन नावाची जागा मोकळी ठेवली. नाव आलंच नाही. देवळासमोरच्या सभेत पत्रक वाचताना बाबा नेमके त्या टिंबांपाशी अडखळले. टेकडीचा मालक म्हणजे माझा मामाच. तो मोठ्याने हसला. "भावोजी, जिला नाव न्हाय तिच्यासाठी मी जमीन इकायची न्हाय?" माणसं खदखदून हसली. आई उठून उभी राहिली. "भाऊ, आपल्या घराच्या कुडाला कारवी तिथलीच व्हती, इसरलास?" मामा खाली बघत म्हणाला, "आता भिंती इटांच्या हायेत, ताई." आठवडाभरात डंपर आले आणि दारातल्या तुळशीवरही लाल धूळ बसली. पाकोळीचं नाव वेळेवर आलं असतं तर टेकडी वाचली असती, असं बाबा अजून म्हणतात. आता मीही पत्रकं लिहिते, पण मला ते पटत नाही. टेकडीला तर नाव होतं.